तुमले दिसनं नही का? : एका वहिनींच्या वजनाचं प्रकरण

नोव्हेंबर २०२३. बाजाराचा दिवस, दवाखान्यात गर्दी. वहिनी आत आल्या, पदर सावरत बसल्या आणि मोठ्या शहरातल्या एका तज्ज्ञ डॉक्टरांचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला. पोटाच्या उजव्या बाजूला वरती दुखत होतं, म्हणून त्या तिकडे दाखवून आल्या होत्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आणि यकृतावर चरबी दिसली होती. कागदाच्या खालच्या ओळीत निदान म्हणून ‘लठ्ठपणा’ हा शब्द होता.

मी खड्यांविषयी बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी मला थांबवलं. त्या शब्दावर बोट ठेवून विचारलं, “भाऊ, सहा वरीसपाईन तुम्हीच माले देखतस. तुमले दिसनं नही का?”

त्या प्रश्नाला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. हे प्रकरण त्या उत्तराच्या शोधाचं आहे. वहिनींच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

रुग्ण आणि डॉक्टर यांचं नातं

वहिनींचं वय तेव्हा ४४. सासर खान्देशातल्या पारोळा-अमळनेर पट्ट्यातलं, माझ्याच गावचं. त्यांची गल्ली आणि आमची गल्ली लागून. आमची जात एक, बोली एक, देव एक. श्रावणात कानबाई बसते तेव्हा दोन्ही घरांचे रोट एकाच चक्कीवर दळून येतात. २०१७ साली मुलांच्या शाळेसाठी हे कुटुंब तालुक्याच्या गावी राहायला आलं आणि तेव्हापासून ते माझे रुग्ण.

गावात होत्या तोवर वहिनी निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी सगळं करत. इथे आल्यावर शेत बटाईने दिलं. त्या घरी शिलाई मशीनवर बसू लागल्या, उन्हाळ्यात बिबडे-पापड करून विकू लागल्या. कष्ट थांबले नाहीत, पण ते बसून करायचे कष्ट झाले. ताट मात्र शेतातलंच राहिलं.

त्यांचे जुने केसपेपर मी त्या रात्री काढले. उंची १५२ सेंटिमीटर. वजन २०१७ मध्ये ५८ किलो, २०१९ मध्ये ६१, २०२१ मध्ये साडेचौसष्ट, २०२३ मध्ये ६८. चारही आकडे माझ्याच अक्षरातले. तापासाठी, अंगदुखीसाठी, डोसाचा हिशेब करताना मी वजन घेतलं होतं, पण एकदाही त्याच्याविषयी बोललो नव्हतो. २०२१ च्या कागदावर ‘थकवा, चढताना दम लागतो’ अशी तक्रार आहे आणि खाली मी लोहाच्या गोळ्या व टॉनिक लिहिलं आहे. तेव्हा मी काय म्हणालो तेही मला आठवतं : “कामनं आंग शे तुम्हनं, काही व्हस नही.”

आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य तक्त्यांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत. बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांचा ९० च्या आत असावा. म्हणजे २०१७ मध्ये, माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हाच वहिनी २५ वर होत्या. आता २९ च्या पुढे.

आपल्या आणि पाश्चात्त्य आकड्यांतला हा फरक कुणाच्या लहरीने ठरलेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपली चरबी पोटात साठते आणि वजनकाट्यावर लवकर दिसत नाही. हा फोटो मी शिकत असताना पाहिला होता. इतरांना दाखवलाही होता.

का दिसलं नाही

यावर मी बरेच दिवस विचार केला. एकच कारण असतं तर सोपं होतं.

पहिली गोष्ट डोळ्याची. आमच्याकडे बाई लग्नानंतर भरली की ‘अंग धरलं’ म्हणतात. ते कौतुक असतं. सून वाळली तर बोल सासरला लागतो, सासूचा हात आखडता आहे असं लोक म्हणतात. मी याच घरांतून वाढलो. माझी आई, मावशी, काकू चाळिशीनंतर अशाच दिसायच्या. वहिनी माझ्या नजरेला आजारी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्या मला ‘आपल्या बाईसारख्या’ दिसत होत्या. ज्या अंगावर मी लहानपणी डोकं ठेवून झोपलो त्याला लठ्ठ कसं म्हणायचं?

दुसरी गोष्ट लाजेची, आणि तिच्याविषयी डॉक्टर मंडळी फार बोलत नाहीत. बाहेरगावच्या अनोळखी बाईच्या कमरेला टेप लावायला मला संकोच वाटत नाही, तिलाही फारसा वाटत नाही. पण वहिनी माझ्यासमोर पदर डोक्यावर घेतात. त्यांच्या कमरेचा घेर मोजायचा, हे माझ्या मनातच आलं नाही. नात्याने जवळ असलेली बाई तपासणीच्या दृष्टीने माझ्यापासून सगळ्यात लांब होती.

तिसरी गोष्ट माझी स्वतःची. माझा घेर तेव्हा १०२ सेंटिमीटर होता. कार्तिक-मार्गशीर्षात शेतात भरताच्या पंगती बसतात. हिरवी लांब वांगी काट्या-पळकाट्यांच्या जाळावर भाजायची, लाकडी बडगीत कुटायची, वरून तेलाची धार. त्या पंगतीत मी वहिनींच्या शेतात त्यांच्या हातचं जेवलो आहे, आणि ‘आणखी घ्या भाऊ’ म्हटल्यावर घेतलंही आहे. त्याच बाईला दवाखान्यात ‘तेल कमी करा’ कोणत्या तोंडाने सांगणार? अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली ५०० डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. स्वतःचं वजन बेताचं असलेल्या डॉक्टरांपैकी ३० टक्के आपल्या लठ्ठ रुग्णांशी वजन कमी करण्याविषयी बोलत. स्वतः जाड असलेल्यांपैकी १८ टक्के. तिथले डॉक्टर आणि इथला मी यांत जग वेगळं आहे, तरी तो आकडा वाचताना मला माझी खुर्ची दिसली.

त्याच गटाचा त्याच वर्षीचा दुसरा अभ्यास या प्रकरणाला अधिक जवळचा आहे. रुग्ण आणि डॉक्टर एकाच वंशाचे असले तर वजनाचा सल्ला जास्त मिळतो का, हे त्यांनी तिथल्या लठ्ठ रुग्णांच्या भेटींच्या नोंदींतून तपासलं. अपेक्षा ‘हो’ अशी असणार. पण तसा फायदा दिसला नाही. गोऱ्या डॉक्टरांकडे गेलेल्या काळ्या रुग्णांना व्यायामाचा सल्ला गोऱ्या रुग्णांपेक्षा कमी मिळत होता. आणि काळ्या डॉक्टरांकडे गेलेल्या काळ्या रुग्णांनाही वजन घटवण्याचा सल्ला, त्याच डॉक्टरांकडे येणाऱ्या गोऱ्या रुग्णांपेक्षा कमी मिळत होता. तिथला वंश आणि इथली जात-गाव-बोली ही एकच गोष्ट नव्हे. तिथला इतिहास गुलामगिरीचा आहे, तो इथे आणून चिकटवता येणार नाही. पण आपला माणूस समोर असला की बोलणं आपोआप होतं, हा जो माझा समज होता तो मला सोडावा लागला.

समज का होता तेही सांगतो. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात काळ्या पुरुषांवर एक प्रयोग झाला होता, २०१९ साली तो छापून आला. काळ्या डॉक्टरांशी बोलल्यावर त्या पुरुषांनी साखर-कोलेस्टेरॉलसारख्या तपासण्या जास्त प्रमाणात करून घेतल्या. आपल्या माणसावर विश्वास बसतो हे खरं आहे. फक्त तिथे डॉक्टर तपासणीचं बोलले होते. मी बोललोच नव्हतो.

मग मी इतर केसपेपरही चाळले. दुकानदार मारवाडी शेठ, बदली होऊन आलेले बँकेचे साहेब, रेल्वेतले परप्रांतीय कर्मचारी, यांच्या कागदांवर ‘वजन कमी करणे’ हे शब्द मी सहज लिहिलेले सापडले. आमच्या भाऊबंदांच्या कागदांवर ‘थकवा’, ‘गुडघेदुखी’, ‘गॅस’. ते वाचणं सोपं गेलं नाही.

शहरातला सल्ला

त्या तज्ज्ञांना दोष देण्यात मला रस नाही. जे मी सहा वर्षांत केलं नाही ते त्यांनी दहा मिनिटांत केलं. पण सल्ला असा होता : भात बंद, शेंगदाणे बंद, सकाळी ओट्स, रात्री सूप आणि सॅलड, रोज ४५ मिनिटं भरभर चालणं. हिंदीत सांगितलेलं, अर्धं समजलेलं. वहिनींच्या घरी भात आठवड्यातून दोनदा होतो, त्यामुळे तो बंद करून काही वाचत नव्हतं. शेंगदाणे बंद म्हणजे चटणी बंद, भाजीचा कूट बंद, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकच बंद. ओट्सचं पाकीट आणलं, मुलांनी खाल्लं नाही, सासूने ‘हे काय लापशी’ म्हणून बाजूला सारलं. वहिनींनी नऊ दिवस काकडी आणि पातळ वरणावर काढले, दहाव्या दिवशी पोटात पुन्हा कळ आली.

हे नऊ दिवस धोक्याचे होते. पित्तखडे असलेल्या माणसाने उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवलं तर खड्यांचा त्रास वाढू शकतो. पित्ताशय वेळेवर रिकामं होत नाही, पित्त साचून घट्ट होतं. वजन उतरवायचं तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास, त्याहून घाई नको. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पुन्हा सुरुवात

डिसेंबरात मी वहिनींना वेगळी वेळ दिली, संध्याकाळी, गर्दी नसताना. आधी माफी मागितली. “मला दिसायला पाहिजे होतं. आकडे माझ्याच हातचे होते.” मग विचारलं, “वजनना विषय काढू का? नको म्हनशात ते नही काढाव.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, काढा.

घेर सिस्टरांनी आतल्या खोलीत मोजला : ९६. रक्तदाब १३८/८८. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.१ टक्के; ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पातळी. थायरॉइड ठीक. खड्यांसाठी सर्जनना दाखवलं. वजनाचं ध्येय ठरवलं सात टक्के, म्हणजे पावणेपाच किलो. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात हेच ध्येय आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढ्यावर मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या भारतीय अभ्यासात वजन फारसं न उतरताही राहणीतल्या बदलाने २८.५ टक्के घट दिसली. वहिनींना मी दुसरा आकडा आधी सांगितला. काटा हलला नाही तरी फायदा होतो, हे त्यांना ऐकायला मिळायला हवं होतं.

आणि मग एकाच मातीचं असण्याचा उपयोग सुरू झाला. ‘रोज किती चमचे तेल?’ या प्रश्नाला खान्देशात अर्थ नाही. आमच्याकडे तेल ओततात. मी विचारलं, “डबा किती दिवस पुरतो?” लगेच उत्तर : १५ किलोचा शेंगदाणा तेलाचा डबा दोन महिने, खाणारी माणसं पाच. म्हणजे माणशी दिवसाला ५० ग्रॅम, साडेचारशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. चहा दिवसातून पाच वेळा, प्रत्येकात दोन चमचे साखर. ते आणखी २०० कॅलरी. सोमवार आणि चतुर्थीला उपास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी. उपासाच्या दिवशी जास्त खाल्लं जातं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही.

एक गोष्ट मात्र माहीत असून मी कधी विचारली नव्हती : सगळ्यात शेवटी कोण जेवतं? वहिनी साडेदहाला. आपलं जेवण झाल्यावर मुलांच्या ताटातली अर्धी भाकरी, पातेल्यातली उरलेली भाजी, टाकवत नाही म्हणून पोटात. त्यांच्या हिशेबात हे जेवण नव्हतंच. माझ्या आईच्याही नव्हतं.

पण तेलाचा डबा वहिनींच्या हातात नव्हता, सासूबाईंच्या हातात होता. त्यांना मी ‘बय’ म्हणतो. मी घरी गेलो. बयला वाटत होतं की सुनेला उपाशी ठेवायचा बेत आहे. “वाळी जाई ते लोक माले नाव ठेवतीन,” त्या म्हणाल्या. मी त्यांना त्यांच्या तरुणपणी काय शिजायचं ते विचारलं. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, आंबाडीची भाजी, डाळीचे वाफवलेले फुनके, ताक. तेल? सणाला. तेव्हा मोजूनच मिळायचं. ‘तेव्हा तुम्ही काय वाळल्या होत्या?’ असं मी म्हणणार होतो, पण बयच म्हणाल्या, तेव्हा आम्ही दिवसभर शेतात होतो, ही कुठे आहे? ज्या मुद्द्यावर मला यायचं होतं त्यावर त्या माझ्याआधी पोचल्या होत्या.

जुनं सगळं चांगलं, असं मला म्हणायचं नाही. त्या काळी बायका उपाशीही राहिल्या. पण कळण्याची भाकरी बयच्या डोळ्यात पथ्य नव्हती, आठवण होती, म्हणून ती ताटात परत आली. ठरलं ते थोडं होतं. डबा साडेतीन महिने पुरवायचा, म्हणजे माणशी २८-२९ ग्रॅम. फुनके तळायचे नाहीत. चहा दोन वेळा, एक चमचा साखर. वहिनींनी सगळ्यांबरोबर आठला जेवायचं, उरलेलं सकाळी गाईला. यातला आठला जेवणं हा भाग सगळ्यात अवघड ठरला, तेलापेक्षाही. घरातले पुरुष आधी जेवणार ही रीत मोडायला वहिनींच्या नवऱ्याला दोन महिने लागले.

चालण्यासाठी एकटी बाई रस्त्यावर निघाली की लोक विचारतात, म्हणून शेजारच्या दोघी बरोबर घेतल्या. वेळ पहाटे साडेपाच. मार्चनंतर आमच्याकडे आठ वाजता ऊन अंगाला चटका देतं आणि मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा दुसरी वेळच नसते.

अखाजी आणि एक चूक

एप्रिलअखेर वजन ६५.१ होतं. १० मे २०२४ ला अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, सांजोऱ्या, आमरस, खापरावरचे मांडे. माहेरी गेलेल्या लेकीने ताट मागे सारायचं म्हणजे आईचा अपमान. मी आधीच म्हटलं होतं, माहेरी आठवडा मोकळा घ्या, परत आल्यावर चालणं चालू ठेवा. तरी त्या सहा आठवडे आल्या नाहीत. मला वाटलं, वजन वाढलं म्हणून लाजल्या.

खरं कारण निराळं होतं. एका लग्नात माझ्या लांबच्या काकूंनी त्यांना चारचौघींत विचारलं होतं, “डॉक्टरने तुला डायट लावलं म्हणे?” वहिनींना वाटलं मी घरी बोललो. मी बोललो नव्हतो. माझ्या दवाखान्यातून बाहेर गेलं होतं, माझ्याकडे काम करणाऱ्या मुलाकडून, जो त्याच गावचा. एक गाव, एक जात, एक लग्नघर. अनोळखी डॉक्टरकडे हा धोका जवळजवळ नसतो. वहिनींनी हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरांसमोर मन मोकळं केलं नसेल, पण त्यांच्या कागदातली गोष्ट त्यांच्या पंगतीत पोचली नसती.

मी जूनअखेर त्यांच्या घरी गेलो, जे घडलं ते सांगितलं आणि माफी मागितली, एका वर्षात दुसऱ्यांदा. तेव्हापासून वजन-घेर आतल्या खोलीत सिस्टरच घेतात, आकडा मोठ्याने बोलला जात नाही, कागद माझ्या कपाटात राहतो. त्या दिवशी वजन ६६.५ निघालं. त्यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही.

परत निघताना वहिनी म्हणाल्या, “भाऊ, तुम्हनं पोट कोन मोजस?” दुसऱ्या सोमवारी सिस्टरांनी माझा घेर मोजला आणि माझ्या नावाचा केसपेपर काढला. त्यानंतर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघांचे आकडे एकाच दिवशी लिहिले जातात. ऑक्टोबरात माझा ९८ होता.

दहा महिन्यांनी

ऑक्टोबर २०२४ : वजन ६३.६, घेर ९०, रक्तदाब १२८/८२, एचबीए१सी ५.८. पित्ताशयाची कळ मेनंतर आलेली नाही; सर्जनच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया थांबवून लक्ष ठेवलं आहे. बीएमआय अजून साडेसत्तावीस आहे. सात टक्के पुरे झाले नाहीत, साडेसहापर्यंत आले. डबा साडेतीन नाही, तीन महिने पुरतो.

दिवाळीनंतर वहिनी पुन्हा आल्या, या वेळी स्वतःसाठी नाही. मोठा मुलगा सतरा वर्षांचा, वजन ८२ किलो, दिवसभर क्लास आणि मोबाइल. त्याला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं होतं. आत येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “त्याले आधी इचारा, बोलू का म्हनीसन. मन्हासमोर नका बोला. आनि घरमा कोनले सांगू नका, बयलेबी नही.”

मी दार उघडून त्याला आत बोलावलं. वहिनी बाहेर बाकावर जाऊन बसल्या.